जळक्या प्लेटा काय सांगतात?

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ गर्दीच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि रिक्षा कशा चालतात ते नीट पाहा. दहा पावले पुढे जायचे आणि थांबायचे, पुन्हा दहा पावले जायचे आणि थांबायचे. रिक्षावाल्याचा डावा हात क्लचच्या लिव्हरवरून क्षणभरही सुटत नाही. कधी कधी माणसांनी भरलेली एखादी रिक्षा निघताना इंजिनाचा आवाज चढत जातो, पण रिक्षा मात्र पुढे सरकायला मागत नाही. मागोमाग काही तरी करपल्याचा उग्र वास येतो. आसपासचा जाणकार लगेच म्हणतो, "क्लचच्या प्लेटा गेल्या!"

हाच वास हजारो मैल दूर, अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतीच्या मैदानावरही येतो. तेथे सरळ रस्त्यावर ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, कोण आधी जातो एवढेच पाहतात. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. शहागंजची रिक्षा ताशी वीस किलोमीटरने जाते आणि शर्यतीची मोटार ताशी दोनशेच्याही वर जाते, पण दोघींचा आजार एकच असतो. या आजाराचे निदान कसे करतात, ते आज आपण पाहू या.

क्लच हवाच कशाला?

सायकल उभी असताना पायडलही उभे राहते आणि त्यात काही बिघडत नाही. इंजिनाचे तसे नसते. ते फिरत राहिले तरच जिवंत राहते. सावकाश फिरायचे म्हटले तरी मिनिटाला हजारभर फेरे त्याला घ्यावेच लागतात, त्याहून फार हळू झाले की ते बंद पडते. आता उभ्या रिक्षाचे चाक आणि फिरते इंजिन एकदम जोडले तर काय होईल? एक तर इंजिन गचका खाऊन बंद पडेल, नाही तर एखादा दाता तुटेल. म्हणून दोघांच्या मध्ये थोडा वेळ घसरू देणारा आणि मग घट्ट धरणारा असा दुवा लागतो. हा दुवा म्हणजे क्लच.

रिक्षात आणि बहुतेक मोटारसायकलींत तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा क्लच असतो. त्यात दोन प्रकारच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. एका प्रकारच्या प्लेटांना घर्षणाचे अस्तर असते आणि त्या इंजिनाबरोबर फिरतात. दुसऱ्या साध्या पोलादी असतात आणि त्या गिअरपेटीच्या दांड्याबरोबर फिरतात. स्प्रिंगा ही सगळी चळत दाबून धरतात. लिव्हर ओढली की दाब सुटतो आणि प्लेटा मोकळ्या होतात.

पण एवढ्या प्लेटा कशाला? एक सोपा प्रयोग करून पाहा. एक पोस्टकार्ड टेबलावर ठेवा, त्यावर दुसरे ठेवा आणि वर एक जाड पुस्तक ठेवा. खालचे कार्ड मित्राने धरावे आणि वरचे तुम्ही ओढावे. ते सहज निघेल. आता आठ कार्डे घ्या. एक मित्राचे, एक तुमचे अशी एकाआड एक रचा. वर तेच पुस्तक ठेवा. मित्राने आपली चारही कार्डे धरावी आणि तुम्ही तुमची चारही एकदम ओढावी. आता बराच जोर लागेल. पुस्तकाचे वजन वाढले नाही, पण एकमेकांवर घासणाऱ्या जोड्या एकाच्या सात झाल्या आणि त्या प्रत्येक जोडीवर पुस्तकाचा पूर्ण भार पडला. क्लचमध्ये नेमकी हीच युक्ती असते. थोड्या जागेत, थोड्या दाबात पुष्कळ पकड मिळते.

उष्णता येते कोठून?

थंडीत आपण तळहात एकमेकांवर चोळतो तेव्हा ते गरम होतात. नुसते एकमेकांवर दाबून धरले तर मात्र चोळण्याची ऊब येत नाही. क्लचचेही तसेच आहे. प्लेटा घट्ट धरलेल्या असतील तर उष्णता नाही, पूर्ण सुटलेल्या असतील तरी जवळजवळ नाही. दाबही आहे आणि घसरणही आहे, अशा मधल्या अवस्थेतच उष्णता निर्माण होते. चालक तिला हाफ क्लच म्हणतात.

किती उष्णता? थोडे गणित करू. समजा, रिक्षा आणि आतली माणसे मिळून वजन ६०० किलोग्रॅम आहे. सपाट रस्त्यावर ती उभी असताना निघून सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेग घेते. तिची गतिज ऊर्जा झाली अर्धे गुणिले ६०० गुणिले ५ चा वर्ग, म्हणजे ७,५०० ज्यूल. या सर्व वेळी क्लच घसरत होता आणि इंजिनाची गती कायम होती असे धरले, तर एक गमतीची गोष्ट दिसते. सुरुवातीला क्लचची एक बाजू पूर्ण वेगाने फिरते आणि दुसरी स्थिर असते. शेवटी दोन्ही सारख्या फिरतात. म्हणजे चाकाकडच्या बाजूचा सरासरी वेग इंजिनाकडच्या वेगाच्या निम्मा असतो. म्हणून इंजिनाने दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मी रिक्षाला मिळते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होऊन बसते. रिक्षाला ७,५०० ज्यूल मिळाले, तर प्लेटांनाही ७,५०० ज्यूल मिळाले!

पोलादाचा एक किलोग्रॅम एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४८० ज्यूल लागतात. प्लेटांमध्ये अर्धा किलो पोलाद असेल तर २४० ज्यूल लागतील. तेव्हा एकदा निघताना प्लेटा सुमारे ३१ अंशांनी तापतील. एवढे तेल सहज शोषून घेते आणि पुढच्या थांब्यापर्यंत प्लेटा निवतात.

आता तीच रिक्षा दौलताबादहून खुलदाबादकडे जाणाऱ्या घाटात चढावर अडकली आहे असे समजा. पुढे वाहनांची रांग आहे. चालक ब्रेक न लावता हाफ क्लचवर रिक्षा जागच्या जागी तोलून धरतो. इंजिनाचे २ किलोवॅट क्लचमध्ये घासून जात आहेत असे धरले, तर ३० सेकंदांत ६०,००० ज्यूल होतात. तेलाने काहीच शोषले नाही तर प्लेटा २५० अंशांनी तापतील. प्रत्यक्षात थोडी उष्णता तेल घेते, पण तेवढ्या घाईत सगळी घेऊ शकत नाही. अस्तर करपू लागते आणि तो ओळखीचा वास येतो.

हात नसलेला क्लच

परदेशात पुष्कळशा मोटारींत आणि आता आपल्याकडेही कित्येक मोटारींत गिअर आपोआप बदलतात. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९४० च्या नमुन्याच्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी हायड्रामॅटिक नावाची स्वयंचलित गिअरपेटी आणली. तेव्हापासून अशा पेट्यांचा प्रसार झाला. आपल्या शहराजवळ शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडा मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. त्यांतल्या काही मोटारींत दोन क्लचची स्वयंचलित गिअरपेटी असते.

जुन्या धर्तीच्या स्वयंचलित पेटीत रिक्षासारख्याच एकाआड एक प्लेटा असतात. फरक दाबात आहे. तेथे स्प्रिंगांऐवजी तेलाचा दाब प्लेटांना आवळतो. पंप तेलाला दाब देतो, ते तेल एका वर्तुळाकार पिस्टनच्या मागे जाते, पिस्टन पुढे सरकतो आणि प्लेटांची चळत दाबतो. पिस्टनच्या कडेला रबरी सील असते, त्यामुळे तेल निसटत नाही. एका पेटीत असे दोन, तीन किंवा जास्तही क्लच असतात. कोणता गिअर हवा त्याप्रमाणे एक धरतो आणि दुसरा सोडतो.

अशा क्लचची पकड किती, हे शोधायला चार गोष्टी गुणाव्या लागतात: घर्षणांक, दाबणारे बल, प्लेटांची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. उदाहरणादाखल घर्षणांक ०.१२ घेऊ. पिस्टनचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आणि तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम असेल, तर बल सुमारे १०,००० न्यूटन होते. सरासरी त्रिज्या ०.०६ मीटर आणि अस्तराच्या सहा प्लेटा, म्हणजे बारा पृष्ठभाग. गुणाकार केला की ८६४ न्यूटन-मीटर येतात. इतका पीळ, ज्याला कारागीर टॉर्क म्हणतात, हा क्लच न घसरता पेलू शकतो.

इंजिनाकडून क्लचवर ७०० न्यूटन-मीटर येत असतील तर काळजी नाही. पण सील फाटून दाब १० चा ७ झाला तर? पकड ६०५ वर येते. आता क्लच पूर्ण धरलेला असूनही घसरतो, आणि घसरला की तापतो. प्लेटा नव्या कोऱ्या असोत, अस्तर उत्तम असो, त्या जळणारच. निदानाची खरी अडचण येथेच आहे. जळालेली वस्तू एक आणि दोषी वस्तू दुसरीच!

पाऊण सेकंदाची शर्यत

ड्रॅग शर्यतीत पॉवरग्लाइड नावाची एक जुनी पेटी फार आवडीने वापरतात. ती १९५० ते १९७३ या काळात शेव्हरोले मोटारींत बसवली जात असे. तिला पुढे जाण्याचे दोनच गिअर आहेत, म्हणून शर्यतीत गिअर एकदाच बदलावा लागतो. पहिल्या गिअरमध्ये एक पट्टा ड्रमला आवळून धरतो. दुसऱ्या गिअरसाठी पट्टा सुटतो आणि क्लच धरतो. या बदलाच्या वेळी इंजिनाचे फेरे मिनिटाला ७,००० वरून ४,००० वर आणण्याचे काम क्लचला करावे लागते असे समजा. सुरुवातीला घसरण ३,००० फेऱ्यांची असते आणि शेवटी शून्य. हा बदल ०.३ सेकंदात झाला आणि पीळ ७०० न्यूटन-मीटर असला, तर सुमारे ३३,००० ज्यूल उष्णता होते. दाब कमी पडून तोच बदल रेंगाळला आणि ०.६ सेकंद लागले, तर ६६,००० ज्यूल होतात.

घाटातल्या रिक्षाने अर्ध्या मिनिटात केली तेवढी उष्णता येथे पाऊण सेकंदाच्या आत तयार झाली! एवढ्या थोड्या वेळात ती तेलापर्यंत पोचत नाही, प्लेटेच्या पृष्ठभागावरच साचते. म्हणून गिअर बदलायला लागलेला वेळ हा शर्यतीच्या कारागिराला तापमापीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

सर्वात वेगवान अशा टॉप फ्यूएल प्रकारच्या मोटारींत तर गिअरच बदलत नाहीत. त्यांच्यात अनेक तबकड्यांचा क्लच मुद्दाम मोजून मापून घसरू देतात आणि तो हळूहळू घट्ट होत जातो. या मोटारी ताशी ५०० किलोमीटरच्याही पुढे जातात. प्रत्येक धावेनंतर क्लच उघडून तपासावा लागतो आणि झिजलेल्या तबकड्या बदलाव्या लागतात.

डॉक्टरप्रमाणे तपासणी

चांगला वैद्य आधी विचारतो, मग पाहतो आणि शेवटी चिरफाड करतो. क्लचचेही तसेच आहे.

पहिली पायरी चालवताना. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, हे घसरण्याचे लक्षण. ते कोणत्या गिअरमध्ये दिसते हे लिहून ठेवतात. एकाच गिअरमध्ये दिसले तर त्या गिअरचा क्लच संशयित. सगळ्याच गिअरांत दिसले तर सर्वांना तेल पुरवणारा पंप, तेलाची पातळी किंवा गाळणी संशयित.

दुसरी पायरी तेलाची. पुष्कळ स्वयंचलित पेट्यांचे तेल मुद्दाम लाल रंगाचे केलेले असते. ते जुने होता होता आपोआप गडद होते, म्हणून नुसत्या रंगावर निकाल देऊ नये. गडद रंगाबरोबर करपट वास असेल आणि पांढऱ्या कागदावर थेंब टाकल्यावर काळे कण दिसत असतील, तर अस्तर जळाले असे समजावे. तळाशी थोडी करडी, मऊ पूड असणे हे नेहमीच्या झिजेचे चिन्ह आहे. चमकणारे धातूचे तुकडे मात्र वेगळीच कथा सांगतात, ते बेअरिंग किंवा दंतचक्राचे असू शकतात.

तिसरी पायरी दाबाची. दाबमापक लावून पंपाचा दाब पाहतात. पेटी उघडल्यावर प्रत्येक क्लचच्या तेलमार्गात दाबाखालची हवा सोडतात. पिस्टन "टक्" असा आवाज करून बसला तर सील ठीक. नुसतीच "सूं" अशी हवा निसटत राहिली तर सील फाटले.

चौथी पायरी प्लेटांच्या रंगाची. स्वच्छ पोलाद तापले की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो आणि त्या थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. साधारण २२० ते २३० अंशांना फिकट पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० अंशांना निळा. साबणाच्या फुग्यावर दिसणारे रंग आणि हे रंग भावंडेच आहेत. दोन्ही पातळ थरामुळे दिसतात. प्लेट निवली तरी हा रंग जात नाही. म्हणजे प्लेट आपला ताप स्वतःच लिहून ठेवते! पोलादाच्या जातीप्रमाणे आणि तापण्याच्या वेळेप्रमाणे आकडे थोडे बदलतात, पण अंदाज चुकत नाही.

रंग कोठे आहे हेही पाहतात. सर्व प्लेटा सारख्या निळ्या असतील तर पूर्ण चळतीला दाब कमी पडला. प्लेटेवर मध्ये मध्ये निळे डाग असतील तर ती वाकडी झाली आहे आणि फक्त उंच भागांवरच घासत आहे. काचेच्या सपाट तुकड्यावर प्लेट ठेवून पाहिले की तिचा बशीसारखा बाक लक्षात येतो. प्लेटा सुटलेल्या असताना त्यांच्यात मोकळी जागाही हवी. अस्तराच्या प्रत्येक प्लेटेमागे साधारण पाव मिलिमीटर जागा ठेवतात. ती फारच कमी असेल तर सुटलेला क्लचही घासत राहतो.

रिक्षाच्या क्लचला हीच पद्धत लागू पडते, फक्त संशयित वेगळे. केबल फार ताणलेली असेल तर लिव्हर सोडल्यावरही स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर पडत नाही. म्हणून लिव्हरला थोडी ढिलाई ठेवावी लागते. स्प्रिंगा दमल्या असतील तर दाब कमी होतो. तेल चुकीचे असेल तर घर्षणांकच उतरतो. काही मोटारींच्या इंजिन तेलात घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात, ती तेलात बुडालेल्या क्लचला घातक ठरू शकतात. म्हणून मोटारसायकलींच्या तेलाच्या डब्यावर "जासो एमए" अशी खूण पाहून घेतात. आणि शेवटचा संशयित म्हणजे चालकाचीच सवय. लिव्हरवर सतत बोटे टेकवून चालवले की क्लच नकळत अर्धा सुटलेला राहतो.

मग नुसत्या प्लेटा बदलल्या तर?

घाईत पुष्कळदा तेच होते. जळक्या प्लेटा काढल्या, नव्या घातल्या, रिक्षा चालू झाली. पण ताणलेली केबल तशीच राहिली, तर नव्या प्लेटाही त्याच वाटेने जातात. ज्याचे घर रोजच्या फेऱ्यांवर चालते, त्याचा पुन्हा एक दिवस गॅरेजमध्ये जातो आणि पुन्हा प्लेटांचे पैसे जातात. घाटात, भरल्या रिक्षात, चढावर क्लचने दगा दिला तर पैशांपेक्षाही मोठा धोका असतो. म्हणून चांगला मिस्त्री जुन्या प्लेटा लगेच भंगारात टाकत नाही. आधी उजेडात धरून पाहतो.

आता रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या रिक्षा वाढत आहेत. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पीळ देऊ शकते, म्हणून त्यांना असा क्लच लागत नाही. तरीही इंजिनाच्या लाखो गाड्या अजून धावत आहेत आणि त्यांच्या प्लेटा तपासणारे हात पुढेही लागणारच आहेत.

तुम्हीच निदान करा

१. एका रिक्षाचे इंजिन भरल्या गाडीत चढावर नुसतेच आवाज करते. लिव्हरला अजिबात ढिलाई नाही. प्लेटा सारख्याच काळ्या पडल्या आहेत. दोष कोठे शोधाल?

२. दोन गिअरांची स्वयंचलित पेटी. पहिला गिअर उत्तम. दुसऱ्या गिअरचा क्लच जळला आहे. पंपाचा दाब बरोबर आहे. पुढे काय तपासाल?

३. पेटीचे तेल दुधाळ गुलाबी झाले आहे. अस्तर सोलून निघाले आहे, पण पोलादी प्लेटा स्वच्छ आहेत, कोठेही निळा रंग नाही. क्लच जळाला का?

उत्तरे: १. केबल. ती आधी जुळवून घ्यावी, मगच नव्या प्लेटा बसवाव्या. २. त्या क्लचच्या पिस्टनचे सील आणि त्याच्याकडे जाणारा तेलमार्ग. तसेच पट्टा सुटण्याची आणि क्लच धरण्याची वेळ जुळते का तेही पाहावे. ३. नाही. पोलादावर तापाची खूण नाही. तेल थंड करणाऱ्या नळीतून पाणी मिसळले आणि त्याने अस्तराचा चिकटा सोडवला. तेव्हा आधी ती गळती बंद करावी.